सेसना १७२ चं नोजव्हील का मोडलं? रनवेच्या एक मैल आधीपासून बघू या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही टेक्सासमध्ये नोकरी करता, खासगी वैमानिकाचा परवाना मिळून वर्ष झालंय, लॉगबुकात ७४ तास आहेत. एका शनिवारी क्लबचं सेसना १७२ एस घेऊन एकटेच शेजारच्या लहान विमानतळावर नाश्त्याला निघालात. (अमेरिकन हौशी वैमानिक याला 'शंभर डॉलरचा बर्गर' म्हणतात. बर्गर दहाचा, बाकी सगळं पेट्रोल.) रनवे १७ (म्हणजे दिशा १७० अंश), लांबी ३००० फूट, रुंदी ४० फूट. वारा २०० अंशांवरून ९ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), झोत १५ पर्यंत. फायनलवर (रनवेच्या सरळ रेषेत, उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) 'जरा उंच' वाटलं म्हणून नाक खाली केलंत. मग विमान रनवेवर तरंगतच राहिलं, पलीकडचं टोक जवळ यायला लागलं, तेव्हा तुम्ही योक (विमानाचं सुकाणू) पुढे ढकललं. विमान टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं, आणखी उंच उडालं आणि तिसऱ्यांदा थेट नाकावर आलं. नोजव्हील (नाकाखालचं चाक) मोडलं, प्रॉपेलर डांबराला लागला. तुम्ही स्वतः दार उघडून चालत बाहेर आलात. माझ्या दृष्टीने ही बातमीतली पहिली ओळ.

आता कारणं तीन ऐकू येतायत. तुमचे इन्स्ट्रक्टर म्हणतात, फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलून विमान सपाट करणं) उशिरा केला. हँगरमधला मित्र म्हणतो, झोतामुळे झालं. विमा कंपनीचा माणूस म्हणतो, पायलट एरर. आणि तुम्ही विचारताय की यातलं खरं कोणतं.

माझं मत असं, की तिघंही शेवटच्या दहा सेकंदांबद्दल बोलतायत, आणि तुम्हीही त्या दहा सेकंदांतच अडकून पडला आहात. मोडतोड तिसऱ्या उडीत झाली हे खरं. पण बिघडायला सुरुवात एक मैल मागे झाली होती, आणि सुटायची एक चांगली संधी पहिल्या उडीनंतर आली होती. या दोन जागा नीट बघितल्या तर बाकीचं आपोआप कळतं.

आधी एक कबुली. विमान मी पाहिलेलं नाही. मी सत्तावीस वर्षं इन्स्ट्रक्टर आहे, पण बहुतेक सगळं दख्खनच्या पठारावर, सेसना १५२ आणि १७२ वर. तुमच्याकडच्या त्या धावपट्टीला चढ आहे का, टोकाला झाडं आहेत का, नोजव्हीलच्या स्ट्रटमध्ये (धक्के सोसणाऱ्या पायात) हवा पुरेशी होती का, तुमची सीट रुळावर नीट अडकली होती का (जुन्या सेसनांच्या सीटा मागे घसरण्याचा इतिहास आहे, त्यावर सक्तीच्या तपासणीचे आदेशही निघालेले आहेत), यांतल्या एखाद्या गोष्टीने चित्र थोडं बदलू शकतं. पण तुम्ही प्रश्नासोबत टॅबलेटवरच्या अ‍ॅपचा मार्ग आणि शेजारच्या विमानतळाचा हवामान अहवाल दिलात, हे फार चांगलं केलंत. त्या दोन कागदांवरून बरंच काढता येतं. काढू या.

वेगापासून सुरुवात करतो. अ‍ॅप सांगतं की रनवेचं टोक ओलांडताना तुमचा जमिनीवरचा वेग ७३ नॉट होता. वारा २०० वरून, रनवे १७०, म्हणजे ३० अंशांचा कोन. ९ नॉट वाऱ्यातला समोरून येणारा भाग साधारण ८ नॉट. म्हणजे हवेतला खरा वेग ८१. विमानतळ ६०० फुटांवर, तापमान ३३ अंश. अशा तापलेल्या, विरळ हवेत विमान जवळपास २९०० फुटांवर असल्यासारखं वागतं आणि खरा वेग डायलवरच्या वेगापेक्षा चारेक टक्के जास्त असतो. उलटा हिशोब केला की डायलवर ७८ नॉट येतात. तुम्ही लिहिलंय 'सत्तरच्या आसपास असावा'. प्रत्येक जण असंच सांगतो. खोटं बोलतो म्हणून नाही, त्या वेळी तो डायलकडे बघत नसतो म्हणून.

आता ७८ म्हणजे किती जास्त? १७२ एसच्या पुस्तकात फ्लॅप (पंखामागच्या, उतरताना खाली करायच्या पट्ट्या) पूर्ण खाली असताना अ‍ॅप्रोचचा, म्हणजे रनवेकडे येतानाचा, वेग ६० ते ७० नॉट दिलाय, आणि आखूड रनवेसाठी ६१. शिकवताना बहुतेक जण ६५ सांगतात, मीही. पण हे आकडे पूर्ण वजनाच्या, म्हणजे २५५० पौंडांच्या विमानाचे. तुम्ही एकटे होतात, टाक्या निम्म्या. विमान जेमतेम २००० पौंडांचं असणार. वजन कमी झालं की लागणारा वेगही कमी होतो, वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्या हिशोबाने ६५ चे होतात साधारण ५८. झोतासाठी, ९ आणि १५ मधल्या फरकाच्या निम्मे, म्हणजे ३ नॉट वाढवायचे. झाले ६१. तुम्ही आलात ७८ ने.

ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ७८ भागिले ६१, त्याचा वर्ग: १.६ पेक्षा थोडं जास्त. म्हणजे त्या रनवेवर तुम्ही गरजेपेक्षा साठ टक्के जास्त ऊर्जा घेऊन शिरलात. ती कुठेतरी खर्च व्हायलाच हवी. ब्रेकवर होऊ शकत नाही, कारण चाकं जमिनीवर नाहीत. हवेच्या विरोधावर व्हायची, तर जमिनीपासून पंखाच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत (१७२ चा पंख ११ मीटरचा) हवेचा विरोधच कमी होतो. विमान गादीवर ठेवल्यासारखं तरंगतं. त्यात इंजिनची शक्ती पूर्ण कमी केली नसेल तर बोलायलाच नको.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती परवाना मिळाल्यावरच्या पहिल्या वर्षात अनेकांना चकवते. तुम्ही शिकलात तेव्हा शेजारी इन्स्ट्रक्टर होते. त्यांचे ऐंशी-नव्वद किलो उतरले की तेच विमान, त्याच ६५ ला, जास्त तरंगतं. पहिल्या सोलोला (एकट्याच्या उड्डाणाला) आमच्या प्रत्येक पोराला हे जाणवतं. खाली उतरून सांगतात, 'सर, विमान बसतच नव्हतं.' मग चार दिवसांनी विसरतात.

तर ७८ हा आकडा आला कुठून? तुम्ही बेफिकीर वैमानिक वाटत नाही. बेफिकीर माणूस अ‍ॅपचा मार्ग जपून ठेवत नाही आणि अनोळखी लोकांना विचारत बसत नाही. उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे: 'जरा उंच वाटलं.'

अ‍ॅपमध्ये बघा. रनवेपासून एक सागरी मैलावर तुमची उंची ९४० फूट होती. जमीन ६००. म्हणजे रनवेच्या वर ३४० फूट. नेहमीचा ३ अंशांचा उतार धरला तर त्या जागी साधारण ३२० फूट हवेत. अ‍ॅपची उंची तीस-चाळीस फूट इकडेतिकडे धरा. म्हणजे तुम्ही उंच नव्हताच. अगदी जागेवर होतात.

मग उंच का वाटलं? तुम्ही ज्या विमानतळावर शिकलात तिथला रनवे, तुम्हीच सांगितल्याप्रमाणे, १०० फूट रुंद. डोळ्यांत तोच साचा बसलाय. ४० फुटांची पट्टी समोर आली की ती रिबिनीसारखी दिसते, आणि मेंदू म्हणतो, एवढी बारीक दिसतेय म्हणजे आपण लांब आणि वर आहोत. अरुंद रनवेचा हा भ्रम प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, तुम्ही तो बरोबरही सोडवला असेल. पण परीक्षेत पर्याय छापलेले असतात, फायनलवर नसतात. आणि मोठ्या रनवेच्या कडेला असतात ते उतार दाखवणारे लाल-पांढरे 'पापी' (PAPI) दिवे या पट्टीवर नाहीत. (आमच्या पोरांचा ठरलेला विनोद आहे: शेवटी खरा मार्ग पापीच दाखवतात.)

उंच वाटलं म्हणून तुम्ही नाक खाली केलंत, पण थ्रॉटल (इंजिनची शक्ती ठरवणारा दांडा, आत ढकलला की शक्ती वाढते) होता तिथेच राहिला. नाक खाली आणि शक्ती तेवढीच, म्हणजे वेग चढणारच. ६८ चे ७८ व्हायला दहा सेकंद पुरतात. तुमची नजर त्या वेळी डायलवर नसून त्या रिबिनीवर खिळलेली होती. त्यात मनात आखूड रनवेची धास्ती. गंमत अशी की आखूड रनवेची धास्ती माणसाला हळू करायला हवी, पण प्रत्यक्षात ती घाईच करवते.

झोताबद्दल तुमच्या मित्राला एवढंच सांगा: २०० वरून ९ ते १५ म्हणजे आडवा वारा साडेचार ते साडेसात नॉट. १७२ चं १५ नॉट आडव्या वाऱ्यात उतरणं चाचणीत दाखवलेलं आहे. वारा होता, त्याने मदत केली नाही, पण त्याच्या नावावर हे खपत नाही.

आता रनवेवर या. विमान तरंगतंय, टोक जवळ येतंय. इथे तुम्ही योक पुढे ढकललं. इन्स्ट्रक्टर 'उशिरा फ्लेअर' म्हणतात त्याच्याशी मी म्हणूनच सहमत नाही. फ्लेअर तुम्ही केला होता. विमान तीन-चार फुटांवर सपाट उडत होतं. ते बसायला तयार नव्हतं, तुम्ही त्याला दाबून बसवलंत.

तीन चाकांच्या विमानात मागची दोन चाकं गुरुत्वमध्याच्या मागे असतात. ती आधी टेकली की नाक आपोआप खाली येतं, पंखाचा कोन कमी होतो, उचल घटते आणि विमान जमिनीला चिकटतं. नोजव्हील आधी टेकलं की सगळं उलटं. जमीन नाकाला वर फेकते, कोन वाढतो, आणि ७० च्या पुढच्या वेगात थोडासा कोन वाढला तरी विमान उचललं जातं. तुम्हाला वाटतं चेंडूसारखी उसळी घेतली. खरं तर ते पुन्हा उडालेलं असतं.

नाक वर गेलेलं दिसलं की हात नकळत योक पुढे करतो. पण विमानाला ऐकायला थोडा वेळ लागतो. तुमचा 'खाली'चा हुकूम अमलात येईपर्यंत विमान स्वतःच खाली यायला लागलेलं असतं, दोन्ही मिळून ते आधीपेक्षा जोरात नाकावर आदळतं. पुढची उसळी मोठी. पुन्हा तुम्ही मागेपुढे. दर वेळी तुम्ही अर्धं पाऊल मागे. याला आम्ही बेडूकउड्या म्हणतो. पहिल्या दोन उड्या टायर आणि स्ट्रट सोसतात. तिसरी किंवा चौथी सोसत नाही. तुमच्या विमानाने अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं.

आता मला एक विचारू द्या, आणि याचं उत्तर इथे नाही दिलंत तरी चालेल: पहिल्या उडीनंतर तुमचा उजवा हात कुठे होता?

हे विचारायचं कारण सांगतो. १९९६ साली मी शिकत होतो, चौदा-पंधरा तास झाले होते, १५२ वर. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर पठार तापायला लागतं, विमान सर्किटमध्ये (विमानतळाभोवतीच्या फेरीत) हेलकावे खातं. तुमच्या टेक्सासपेक्षाही वाईट: २००० फुटांवरचं मैदान, तापमान ३८, की हवा ५००० फुटांवरची होते. डायलवर वेग तोच, पण जमीन आठ टक्के जास्त जोरात अंगावर येते आणि माणूस बावचळतो. मीही बावचळलो. आधी टेकवलं, मग उडालं. मी दोन्ही हातांनी योक धरलं होतं, बैलगाडीचा कासरा धरावा तसं. दुसरी उडी येणार तेवढ्यात शेजारून एक हात आला, थ्रॉटलवर गेला आणि तो आत गेला. इंजिन गर्जलं, सरांनी नाक सपाट धरलं, आणि आम्ही काही झालंच नाही असे वर निघून गेलो.

उतरल्यावर चहाच्या टपरीवर सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बशीत चहा ओतत म्हणाले, 'उडी मारलीस त्याबद्दल काही म्हणत नाही. सगळेच मारतात. पण पहिली उडी आणि दुसरी उडी यांच्यामध्ये तू कशाची वाट बघत होतास?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. चाकं टेकली की मनाने उड्डाण संपवलेलं असतं. 'झालं, पोचलो.' त्यानंतर विमान पुन्हा हवेत गेलं की मन ते मान्यच करत नाही. त्याला वाटतं, हे अजून लँडिंगच चालू आहे, जरा सावरलं की झालं. थ्रॉटल द्यायचा म्हणजे 'मी उतरलो नाही' हे कबूल करायचं. त्यात तिथे बाहेर खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलेली माणसं बघत असतात. ही लाज फार महाग पडते. तुम्हाला नेमकं हेच झालं असेल असा माझा दावा नाही. पण शंभरातल्या नव्वद विद्यार्थ्यांचा उजवा हात त्या क्षणी थ्रॉटलवर नसतो, हे मी शेजारच्या सीटवरून बघत आलोय.

करायचं काय होतं, ते उडी किती मोठी यावर अवलंबून. फूट-दोन फुटांची असेल तर काहीच करायचं नाही, म्हणजे नाक आहे तिथे धरायचं, हवं तर चिमूटभर थ्रॉटल द्यायचा आणि पुन्हा हळूच बसवायचं. पाच फूट किंवा जास्त उडालात, किंवा रनवेचा अर्धा भाग मागे गेलाय, तर थ्रॉटल पूर्ण आत आणि पुन्हा वर. तुमच्या बाबतीत पहिल्याच उडीनंतर हे करायला हवं होतं. गरज होती, आणि हे शक्यही होतं: वेग भरपूर होता, विमान हलकं होतं, १८० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. ज्या जादा वेगाने घोटाळा केला तोच वेग तुम्हाला वर घेऊन गेला असता.

पण 'गो-अराउंड करा' (म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा) एवढं सांगून सोडणं मला धोक्याचं वाटतं, कारण गो-अराउंड घाईत आणि चुकीच्या क्रमाने केला तर त्याचा शेवट बेडूकउडीपेक्षा कितीतरी वाईट होतो. तुमच्याच राज्यातलं उदाहरण आहे. ९ जून २०१६, ह्यूस्टनचा हॉबी विमानतळ. एक खासगी सिरस एसआर२० विमान, आत तिघं. विमानतळ गजबजलेला, मोठी जेट विमानं रांगेत, वारा झोतांचा. त्या विमानाला पुन्हा पुन्हा वर पाठवलं गेलं, रनवे बदलले गेले. शेवटच्या प्रयत्नात गो-अराउंड करताना खाली असलेले फ्लॅप, विमानाला पुरेसा वेग येण्याआधीच, वर घेतले गेले. विमान स्टॉल होऊन (पंखांची उचल तुटून) फिरत खाली आलं, एका दुकानाच्या पार्किंगमधल्या गाडीवर पडलं. तिघंही गेले. जमिनीवरच्या कुणाला इजा झाली नाही. अमेरिकन तपास यंत्रणेने कारण दिलं ते गो-अराउंडच्या चुकीच्या पद्धतीचं; आणि नियंत्रण मनोऱ्याचे निर्णय व ऐन मोक्याच्या वेळी दिलेली गुंतागुंतीची सूचना यांनाही हातभार लावणारी कारणं म्हणून नोंदवलं.

त्या अहवालातली पद्धत मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. 'वैमानिकाची चूक' एवढं म्हणून तो थांबत नाही. कोणती चूक, कोणत्या सेकंदाला, आणि त्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा काय काय चाललं होतं, हे तो सांगतो. विमा कंपनीच्या माणसाला 'पायलट एरर' एवढंच पुरतं, कारण त्याला रकाना भरायचा असतो. तुम्हाला ते पुरत नाही, कारण तुम्हाला पुन्हा उडायचंय.

तर १७२ एसचा क्रम, पुस्तकातला: थ्रॉटल पूर्ण. फ्लॅप ३० वरून २० वर, तेवढेच. ६० नॉटने वर. अडथळे पार होईपर्यंत फ्लॅप १०. सुरक्षित उंची आणि ६५ नॉट आल्यावरच फ्लॅप शून्य. पुस्तकात न जाणवणारी गोष्ट अशी की तुम्ही अ‍ॅप्रोचसाठी ट्रिम (योकवरचा जोर हलका करणारी चकती) मागे लावलेला असतो. पूर्ण शक्ती दिली की नाक जोरात वर जातं, योक पुढे दाबून धरावं लागतं, तेही चांगली ताकद लावून, आणि रडरच्या पेडलवर उजवा पाय द्यावा लागतो. जो माणूस हे वर्षातून एकदा, चुकून, घाबरलेला असताना करतो त्याला ही ताकद अनपेक्षित वाटते. म्हणून ते मुद्दाम करायचं असतं.

मोडलेल्या विमानाबद्दल थोडक्यात. प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिन वरून ठीक दिसलं तरी इंजिन बनवणाऱ्या लायकॉमिंगच्या सूचनेप्रमाणे ते उघडून तपासावं लागतं. क्लबने 'चालू होतंय की' म्हटलं तरी त्यावर जाऊ नका. नोजव्हील ज्या पत्र्याला, म्हणजे फायरवॉलला, जोडलेलं असतं तो सुरकुतलाय का हे विचारा. याचं महत्त्व फक्त खर्चापुरतं नाही. अमेरिकन नियमांत फक्त चाक-प्रॉपेलरचं नुकसान 'मोठं नुकसान' धरत नाहीत, पण सांगाडा वाकला असेल तर धरू शकतात, आणि मग तपास यंत्रणेला कळवणं भाग असतं. यात हयगय नको. विमान खात्याने पुन्हा चाचणीला बोलावलं (तिकडे त्याला '७०९ राइड' म्हणतात) तर ती शिक्षा समजू नका. लँडिंग आणि गो-अराउंड नीट करून दाखवायचे असतात, ते तुम्हाला तसेही करायचेच आहेत.

पुढे काय करायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. मी माझ्या विद्यार्थ्याला काय करायला लावतो ते सांगतो, तुमच्या इन्स्ट्रक्टरशी बोलून घ्या. पहिला धडा लँडिंगचा घेत नाही. वर तीन हजार फुटांवर जाऊन फ्लॅप पूर्ण, ६० नॉट, आणि तिथून गो-अराउंड, पाच-सहा वेळा, फ्लॅपचा क्रम तोंडाने म्हणत. मग लांब रनवेवर, चाकं न टेकवता तीन फुटांवरून सरळ शेवटपर्यंत उडत जायचं आणि वर निघायचं. इन्स्ट्रक्टर थ्रॉटल सांभाळतो, तुम्ही फक्त विमान सरळ आणि त्या उंचीवर धरता. यात दोन गोष्टी घडतात. तीन फूट कसे दिसतात ते डोळ्यांत बसतं, आणि तरंगणारं विमान हा घाबरण्याचा विषय राहत नाही. नजर रनवेच्या पलीकडच्या टोकाकडे, प्रॉपेलरच्या समोरच्या डांबराकडे नाही. तिसऱ्या दिवशी लँडिंग, आणि दर तिसऱ्या-चौथ्या लँडिंगला फ्लेअरमध्ये असतानाच इन्स्ट्रक्टरने 'वर' म्हणायचं. कधी म्हणेल ते आधी सांगायचं नाही. चौथ्या दिवशी, शेजारी इन्स्ट्रक्टर असताना, त्याच ४० फुटांच्या पट्टीवर जा.

तिथे पोचल्यावर एक करून बघा. लगेच उतरू नका. बरोबर ३ अंशांवर, डायलवर ६१ आणि एका मैलावर ९२० फूट धरून या, आणि मग रनवे कसा दिसतो ते फक्त बघत पुढे चला. तुम्हाला पूर्ण वेळ वाटत राहील की आपण उंच आहोत. वाटू द्या. टोकावर पोचलात की वर निघा, आणि तेच पुन्हा करा. तिसऱ्या वेळी ती रिबीन रनवेसारखी दिसायला लागेल.

फायनलवर मोठ्याने वेग म्हणायची सवय लावून घ्या. 'पासष्ट... चौसष्ट... एकाहत्तर.' मराठीत म्हणा, काही बिघडत नाही. माझा एक विद्यार्थी नागपुरी हेल काढून म्हणायचा आणि मला हसू आवरायचं नाही, पण त्याचा वेग कधी पाच नॉटने सुद्धा हलला नाही. आणि स्वतःचा एक नियम ठरवा: टोक ओलांडताना डायल सत्तरच्या वर असेल, किंवा रनवेचा पहिला तिसरा भाग संपला तरी चाकं टेकली नसतील, तर वर. विचार करायचा नाही, कारण विचार आधीच, खाली बसून, करून झालाय.

शेवटी, तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट राहिलीय. फ्लॅप किती होते? ३० होते असं मी धरून चाललोय. आडव्या वाऱ्याच्या धास्तीने तुम्ही २० वर थांबला असाल, आणि असं बरेच जण करतात, तर एवढं लांब तरंगण्याचं आणखी एक कारण तिथे सापडेल. विमानात फ्लॅपचा लिव्हर मोडतोडीनंतर कुणी हलवला नसेल तर मेकॅनिकला विचारून बघा, तो कोणत्या खाचेत होता. आणि जमलं तर इथे कळवा.